आधी कुणी खाल्लं?

लिहायला बसलो होतो भागीवर. भागी माझी बायको. दोन ओळी झाल्या आणि हात पुढे जाईना. तिच्याबद्दल काय लिहायचं? चूल, पाणी, पोरं, शेत. सगळ्या बायकांचं असतं तेच. आणि जे सगळ्यांचं नसतं ते कागदावर मांडायची माझी हिंमत नाही. म्हणून बुधी डोसीवर लिहितो. डोसीवर लिहिताना भागी मधूनमधून येईल, तेवढं मला पुरे.

आमच्याकडे म्हातारीला डोसी म्हणतात. बुधी डोसीचं घर माझ्या घराच्या खालच्या अंगाला. मधे एक आंबा आणि कारवीचं कुंपण. आमचा पाडा मोखाडा तालुक्यात, उतारावर. मी चौथीपर्यंत शिकलो. सगळा जन्म रस्त्याच्या कामावर गेला, रोजंदारीवर. कायम कधी झालो नाही. तेव्हा भाषा जशी येईल तशी वाचा.

डोसी घाबरट होती. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण माणूस मेलं की लोक त्याला धीराचं करून ठेवतात. डोसी धीराची नव्हती. विजेच्या खांबाला घाबरायची. नव्या चपलेला घाबरायची. खाकी कपडे दिसले की एसटीच्या कंडक्टरलासुद्धा हात जोडायची. गाडीतून उतरून घरी आली तरी तिकीट मुठीत धरलेलं असायचं, कुणी मागितलं तर दाखवता यावं म्हणून. पण सगळ्यात जास्त घाबरायची ती खाण्याला. तिच्यापुढे काहीही ठेवा, चहा ठेवा, लग्नातली बुंदी ठेवा, डोसी आधी हात मागे घ्यायची आणि विचारायची,

"आधी कुणी खाल्लं?"

कुणाचं तरी नाव सांगावंच लागायचं. नाव सांगितलं की त्या माणसाकडे नीट बघायची. तो धड आहे असं दिसलं की मग पहिला घास जमिनीवर ठेवायची आणि दुसरा तोंडात घालायची. निवडणुकीत एक पुढारी लाडू वाटत आला होता. पांढरे कपडे, गळ्यात हार. डोसीनं त्यालाही विचारलं. तो हसला, म्हणाला, "आजी, तुमच्यासाठीच आणलेत." डोसी म्हणाली, "मंग तू खा एक." बिचाऱ्याला साखरेचा आजार होता. सगळ्या पाड्यासमोर अर्धा लाडू खावा लागला.

याच्या मागे एक गोष्ट आहे. आमच्यात नवं भात आलं की लगेच खात नाहीत. आधी गावदेवाला ठेवायचं, मग घरातल्या मेलेल्या माणसांना, मग घरातली मोठी बाई घास घेते. मग बाकीचे. याला आम्ही नवा म्हणतो. रानभाजीचंही तसंच. पावसाळ्यात पहिली कवळी भाजी उगवली की देवाचं झाल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. डोसीचा एकच मुलगा, महादू. लहान होता. भुकेनं त्यानं आधीच भाजी खुडून भाजून खाल्ली. मग त्याला ताप भरला. नदीला पूर, दवाखाना पलीकडे. पोर गेलं. मी म्हणतो, नदीवर पूल नव्हता म्हणून गेलं. डोसी म्हणायची, आधी खाल्लं म्हणून गेलं. यावर आम्ही पुष्कळ वर्षं भांडलो. पूल पुढे झाला. त्या पुलाच्या कामावर आम्ही दोघंही होतो. तिनं डोक्यावरून खडी वाहिली, पण म्हणणं बदललं नाही.

रस्त्याच्या कामावर असतानाची एक गंमत सांगतो. उन्हाळा होता. ठेकेदाराचा मुकादम पिण्याच्या पाण्यासाठी कुठलंसं पिंप घेऊन आला. आम्ही सगळे तहानेनं मेलो होतो. डोसी पुढे झाली आणि पिंपासमोर आडवी उभी राहिली.

"आधी कुणी प्यालं?"

मुकादम म्हणाला, "डोसे, सरकार तुला मारणार हाय का?"

"सरकारचं मला नाय ठावं. तू पी."

तो चिडला. चिडून दोन तांबे प्यायला. त्या पिंपात आधी डिझेल होतं. दुपारभर मुकादम करवंदीच्या जाळीमागे होता आणि त्या दिवशी कामावर कुणी ओरडलं नाही. भागी ही गोष्ट फार रंगवून सांगायची. आवाजासकट.

रेशनचे तांदूळ मात्र डोसी न विचारता घ्यायची. मी विचारलं, इथं कसं नाही घाबरत? ती म्हणाली, "रेशनवाला आधी खातो, ते काय विचारायचं?"

भागी तिला फुई म्हणायची. फुई म्हणजे आत्या. नातं लांबचं, पण दोघींचं जमायचं. माझा मुलगा विलास ठाण्याला इमारतीच्या कामावर असतो. त्यानं दिवाळीला टीव्ही आणून दिला, छपरावर छत्री लावली. भागीला मालिका आवडायच्या. डोसीला त्यात काही गोडी नव्हती. एक दिवस भागीनं चुकीचं बटण दाबलं आणि दिल्लीची सभा लागली. मोठं गोल दालन, माणसं ओळीनं बसलेली, वर एक माणूस उंच खुर्चीवर. डोसीनं झटकन डोक्यावर पदर घेतला.

"हे कोण बसलेत?"

"दिल्लीची सभा," मी म्हणालो. "कायदे करतात."

"मोठी माणसं?"

"मोठीच."

त्या दिवसापासून सभा चालू असली की डोसी आमच्या दारात. टीव्हीकडे कधी पाठ करायची नाही. आत यायला सांगितलं तरी उंबऱ्याजवळ उभी राहायची. हिंदी तिला येत होती, पण ती भिवंडीच्या वीटभट्टीवर शेठकडून शिकलेली. म्हणून हिंदीत कुणी मोठ्यानं बोललं की तिला वाटायचं, आपल्यालाच बोलतोय. वरच्या खुर्चीतला माणूस ओरडायचा, "बैठ जाइये, बैठ जाइये!" सभेत कुणी बसायचं नाही. इकडे डोसी मात्र पटकन खाली बसायची. भागी पदर तोंडात कोंबून हसायची.

एकदा सभेत एक कायदा पास झाला. वरचा माणूस म्हणाला, जे बाजूने असतील त्यांनी हां म्हणा. सगळे हां म्हणून ओरडले. तो म्हणाला, झालं.

डोसीनं माझ्याकडे बघितलं. "झालं?"

"झालं."

"भगतानं तांदूळ नाय पाहिले, कोंबडं नाय कापलं, नुसतं बोंबलले?"

भागी इतकी हसली की तिला दम लागला. भिंतीला टेकून बसली. बराच वेळ तिचा श्वास जागेवर येईना. तो दम आम्ही हसण्याचा समजलो.

मागच्या पावसाळ्यात सभा बसली होती आणि त्यात पेन्शनचं निघालं. म्हाताऱ्यांना, निराधारांना सरकार देतं ते. पाड्यातल्या आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना तेच मिळतं. एक बाई उभी राहिली. म्हणाली, एवढ्यात महिना काढून दाखवा. म्हणाली, ज्यांनी रस्ते बांधले, विटा थापल्या, इमारती उभ्या केल्या, त्यांना म्हातारपणी काय दिलं? मी चहा पीत होतो, कप तसाच राहिला. आपलं कुणी बोलेल असं कधी वाटलं नव्हतं. मग दुसरा उठला. तो म्हणाला, यादीत खोटी माणसं घुसलीत, तपासा, खाल्लेलं वसूल करा. मग सगळेच ओरडायला लागले. बैठ जाइये सुरू झालं, डोसी खाली बसली. शेवटी मंत्री उत्तर द्यायला उभा राहिला. चष्मा लावला, पाणी प्याला, म्हणाला, "माननीय सभापती महोदय, मैं सदन को..."

आणि चित्र गोठलं. बाहेर पाऊस झोडपत होता, छत्रीचं असंच व्हायचं. मंत्र्याचं तोंड उघडं, एक बोट वर. तसाच थांबला. मग वीजच गेली.

"काय म्हणाला?" डोसी म्हणाली.

"गेलं चित्र."

"नाय, पण म्हणाला काय?"

"मला काय ठाऊक? परत लागलं की बघू."

वीज आली ती दोन दिवसांनी. तोवर सभेत दुसरंच चाललं होतं. मंत्री काय बोलला ते आम्हाला कधी कळलं नाही. डोसी रोज येऊन विचारायची, "मिटलं का?" मी म्हणायचो, नाही. मग एक दिवस ती उंबऱ्यात बसून हळू आवाजात बोलली.

"मंग ते खायचं नाय, काशा. मोठी माणसं बसलीत त्याच्यावर. त्यांचं झालं नाय आणि आपण आधी खाल्लं तर बाधेल."

मी हसलो. भागी हसली नाही.

त्याच आठवड्यात मोखाड्याच्या बाजारात कुणी सांगितलं की जामसरकडे एका म्हाताऱ्याला म्हणे खाल्लेलं पेन्शन परत करायला लावलं. खरं खोटं मला माहीत नाही. मी तो म्हातारा पाहिला नाही. ज्यानं सांगितलं त्यानंही पाहिला नव्हता. पण पाड्यात बातमी आली आणि भिजलेल्या लाकडाच्या धुरासारखी घराघरात बसली. जी म्हातारी माणसं बँकेच्या दिवशी सकाळपासून जीपची वाट बघत बसायची, ती घरातून निघेनात. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून रिकामा गेला. पैसे बँकेत आणि माणसं आंबील पिऊन घरात. मी एकटा गेलो, माझे काढून आणले, छपरावर पत्रा टाकला. शेजारचे त्या पत्र्याकडे असं बघायचे की जणू त्यावर साप बसलाय.

मग भागीचे पाय सुजले. चार पावलं चालली की धाप लागायची. आडवं पडता येईना, बसूनच झोपायची. उपकेंद्रातल्या नर्सबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, "हृदयाचं वाटतंय. जव्हारला न्या. उद्यावर टाकू नका." दवाखाना सरकारी, पण गाडी लागते, पुढे नाशिकला पाठवलं तर तिथं राहावं लागतं. विलासचं काम पावसानं बंद. माझे पैसे पत्र्यावर गेले. भागीचे बँकेत होते, हातही न लावलेले.

"चल, काढून येऊ," मी म्हणालो.

"नाय."

"का नाय?"

"कच्चे हायेत ते. त्या पैशानं औषध घेतलं तर लागायचं नाय. उलटं फिरेल."

मी ओरडलो. आयुष्यात तिच्यावर ओरडलो नव्हतो इतका ओरडलो. ती शांतपणे धापा टाकत बसली. भिंतीला म्हणालो असतो तर भिंत हलली असती. मी तसाच पावसात खाली डोसीकडे गेलो. ती चुलीपाशी नाचणी पाखडत होती.

"डोसे, भागीला दवाखान्यात जायचंय आणि ती तुझ्या बोलण्यानं अडून बसलीय. वर चल आणि तिला सांग."

"काय सांगू? मिटलं कुठं?"

"मिटायची वाट बघितली तर भागी मरेल."

तिनं सूप खाली ठेवलं. मला तिची दया आली नाही. मी म्हणालो, "ऐक. ती सभेतली माणसं हायेत ना, त्यांनापण पेन्शन असतं. एकदा निवडून आले की पुढं घरी बसले तरी मिळतं."

"कुणी ठरवलं?"

"त्यांनीच. सभेत बसून."

"हां म्हणून?"

"हां म्हणून."

डोसी चुलीकडे बघत राहिली. "आणि खातात ते?"

"खातात ना."

"म्हणजे आधी त्यांनी खाल्लं?"

"आधी त्यांनीच."

"खाऊन कुणी मेलं?"

"मरतंय कशाला? तूच बघतेस ना रोज. कसे गुबगुबीत हायेत."

मला वाटलं, जिंकलो. पण डोसीचं डोकं तसं चालत नव्हतं. तिनं बराच विचार केला आणि म्हणाली, "त्यांनी त्यांचं ताट खाल्लं. त्यांचे देव वेगळे, त्यांना चालतं. आपलं ताट अजून तसंच हाय. आपल्यात कुणीतरी आधी खायला पायजे."

"मी खाल्लंय की. पत्रा टाकला."

"तू बाप्या. मोठ्या बाईनं खाल्लं पायजे." मग थांबली. पाड्यात तिच्याहून मोठी बाई नव्हती. हे तिलाही तेव्हाच कळलं असावं. तिचा चेहरा असा झाला की मी दाराकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नथ घालून जीपपाशी उभी होती. ती नथ मी तिच्या नाकात फक्त लग्नांत पाहिली होती. वळणावर जीप तिरकी झाली की माझं मनगट धरायची. बँकेत रांगेत उभी राहिली, अंगठा दिला, नोटा लुगड्याच्या टोकाला बांधल्या. मग स्टँडजवळच्या हॉटेलात बाकावर बसली आणि म्हणाली, "यातलं काहीतरी घे खायला. कायपण."

मी भजी घेतली. कागदावर गरम भजी तिच्यापुढे ठेवली. डोसीनं सवयीनं हात मागे घेतला. सवयीनंच तोंड उघडलं.

"आधी कुणी..."

पुढचं बोलली नाही. आजूबाजूला बाजारची माणसं, कोंबड्या, एसटीचा आवाज. डोसीनं एक भजं जमिनीवर ठेवलं. डोळे मिटले आणि माझ्याशी नाही, दुसऱ्याच कुणाशी बोलली, "महादू, मी खाते रे." आणि खाल्लं. सगळी भजी खाल्ली. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"चल," मी म्हणालो, "जीप सुटेल."

"थांब. बघू दे."

आम्ही बसलो. तिच्या कपाळावर घाम. मला वाटायला लागलं की ही भीतीनंच इथं मरेल आणि मग भागी कधीच उठणार नाही.

"काय होतंय?" मी विचारलं.

"तिखट हायेत," डोसी म्हणाली.

जीप सुटली. दुसरी मिळायला दुपार झाली. पाड्यावर आलो तशी डोसी सरळ भागीसमोर जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत बसली. भागी तिच्याकडे बघत होती, ती भागीकडे. मधेच भागीनं हात लांब करून तिच्या गालाला लावला, ताप आहे का बघायला. दिवे लागायच्या वेळी डोसी म्हणाली,

"मी खाल्लं आधी. बघ, हाय ना मी? आथा तू खा."

भागी उठली. माझ्या ओरडण्यानं न हललेली बाई, तेवढ्यावर उठली. सकाळी तिचे पैसे काढले. जव्हारहून नाशिकला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी मशीनवर हृदय दाखवलं, औषधं दिली, चांगलं वागवलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, हृदयाची झडप फार दिवसांपासून खराब आहे, जेवढं चालेल तेवढं चालेल. भागी घरी आली. सूज उतरली. डोसीबरोबर टीव्ही बघायला बसली. एकदा दोघी पुन्हा हसलेल्या मी ऐकल्या. गणपती गेले आणि भागी गेली. सकाळी, तांदूळ निवडता निवडता. सूप मांडीवरच होतं.

आता पुढचं लिहायला मला भीती वाटते. अजूनही.

आमच्याकडे एक शब्द आहे, तो बाईला लागला की सुटत नाही. भुताळी. माणसं खाणारी बाई. लहानपणी मी शेजारच्या पाड्यावर एका बाईला असं म्हणून मारत हाकललेली पाहिलीय. तिचं फाटलेलं लुगडं काटेरी कुंपणावर कितीतरी दिवस लटकत होतं, कुणी काढायला जात नव्हतं. भागीचे दिवस होईपर्यंत पाड्यात कुजबूज सुरू झाली. डोसीनं आधी खाल्लं, डोसीला काही झालं नाही. जे व्हायचं ते भागीला झालं. मग डोसीनं खाल्लं काय? पैसे का भागी?

कुणी मोठ्यानं बोललं नाही. मोठ्यानं बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. बायका वाटेत तिला बघून पलीकडून जायला लागल्या. झऱ्यावर ती गेली की बाकीचे हंडे उचलले जायचे. माझा चुलतभाऊ सोमा एक दिवस पान खाता खाता म्हणाला, "काशा, भगताला बोलवू. तांदूळ बघून तो सांगेल. मनातला संशय जाईल." मला कळलं, भगतानं तिचं नाव घेतलं तर काय होईल. आणि नाव घ्यायला भगताला काय लागतं?

"कुणाला बोलवायचं नाय," मी म्हणालो.

"तुझीच बायको गेली म्हणून विचारलं," सोमा म्हणाला.

वाईट हे की डोसीलाही तसंच वाटत होतं. ती आमच्याकडे यायची बंद झाली. सभा लागली तरी नाही. मीच एकदा खाली गेलो. दार लावून बसली होती. मी आत गेलो तर भिंतीला सरकली, माझ्यापासून लांब.

"काशा," ती म्हणाली, "मी खाल्लं का तिला?"

"येडी हायेस काय? हृदय खराब होतं तिचं. डॉक्टरनं मला मशीनवर दाखवलं."

"आतलं दिसतं त्यात?"

"दिसतं."

"मंग मी दिसले का?"

नाही म्हणालो. तिनं माझं तोंड नीट बघितलं, जसं ती आधी खाल्लेल्या माणसाचं बघायची तसं. तिला पटलं का नाही, मला कळलं नाही. मी घरी आलो आणि माझ्याच दाराला आतून कडी घातली. का घातली ते मला सांगता येत नाही.

डोसी या उन्हाळ्यात गेली. आपल्या घरात, आपल्या गोधडीवर, म्हातारपणानं. कुणी तिच्या अंगाला हात लावला नाही. कुजबूज सगळी थांबली असं मी म्हणणार नाही, पण भगत आला नाही. मला ती आठवते ती त्याआधीची, नव्याच्या दिवशीची.

भागीनंतरचा पहिला नवा. भात कापून झालं होतं. माझ्या घरात घास घ्यायला मोठी बाई उरली नव्हती. सून ठाण्याला. सोमा म्हणाला, आमच्याकडे कर, माझी बायको घेईल घास. मी म्हणालो, माझं भात, माझ्या घरात होईल. आणि खाली जाऊन डोसीला सांगून आलो. ती येईल असं वाटलं नव्हतं.

अंगणात सगळे बसले होते. पळसाच्या पानांवर भात वाढला. देवाचं पान ठेवलं. मेलेल्या माणसांची पानं ठेवली, त्यात या वेळी भागीचं. मग घरात उंबऱ्याजवळ एक पान मांडून मी वाट बघत बसलो. डोसी कुंपणाजवळ दिसली. नथ घातलेली. बायका सरकून बसल्या. ती आली, उंबऱ्याबाहेर थांबली, तिच्या नेहमीच्या जागी. घरात टीव्ही बंद होता. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं.

"मिटलं का तिथलं?"

"नाय. बसलेत अजून."

"बसू दे," डोसी म्हणाली आणि आत आली.

पानासमोर बसली. हात पुढे केला, मागे घेतला.

"आधी कुणी खाल्लं?"

"देवानं खाल्लं," मी म्हणालो. "भागीनं खाल्लं. आथा तू खा."

"काशा, विचार कर," सोमा मागून बोलला.

"केला."

तिनं घास घेतला. चार शितं लुगड्यावर सांडली. घास तोंडात गेला तरी ती गिळेना. माझ्याकडे बघत राहिली. आपल्याला काही होईल का, हे ती बघत नव्हती. मी घाबरलोय का, ते बघत होती. घाबरलो होतो. जन्मभर तिच्याशी पुलावरून भांडलो, तिला येडी म्हणालो, आणि त्या क्षणी मलाही वाटलं, बाधेल. मी डोळे हलवले नाहीत. तिनं घास गिळला. मग पान माझ्याकडे सरकवलं.

"मी खाल्लं," ती म्हणाली.

अंगणात कुणी हललं नाही. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी तिच्या पानातला घास उचलला आणि तोंडात घातला. भात अजून गरम होता.